समोर बसलेला कॅमेरा

यासुजिरो ओझूचा कॅमेरा हलत नाही, याचं आपल्याकडे मनापासून कौतुक होतं. चटईवर बसलेल्या माणसाच्या नजरेपेक्षाही किंचित खाली तो ठेवलेला असतो. माणसं जवळजवळ त्याच्याकडे तोंड करून बोलतात, उठून जातात, आणि ती गेल्यावरही तो रिकाम्या खोलीकडे थोडा वेळ पाहत राहतो. चित्रपट रसग्रहणाच्या वर्गांत या स्थिरतेवर तासन्‌तास बोललं जातं, आणि ते योग्यच आहे. पण हीच जाणकार मंडळी प्रभातचा 'संत तुकाराम' पाहतात, तेव्हा त्यातल्या स्थिर, समोरासमोर ठेवलेल्या कॅमेऱ्याकडे मात्र जुन्या काळाची मर्यादा म्हणून बघतात. अभिनय थोर, अभंग थोर, पगनीस तर साक्षात तुकोबा. कॅमेरा काय, नाटकासारखा समोर लावलेला. हा निवाडा चुकीचा आहे असं माझं ठाम मत आहे. कोल्हापुरात सुरू झालेल्या आणि पुण्यात बहरलेल्या या परंपरेत स्थिर कॅमेरा ही निवड होती, आणि ती निवड चित्रकारांनी केली होती. ओझूच्या बाबतीत जे पुरावे आपण मान्य करतो, तसेच पुरावे इथेही हाताशी आहेत. फरक एवढाच की ते कुणी एकत्र मांडून पाहिलेले नाहीत.

आधी जपानचं पाहू, कारण तिथलं कॅमेराकाम अभिजात ठरलं ते आपोआप नव्हे. 'राशोमोन' १९५० साली तयार झाला तेव्हा ज्या दाइएई कंपनीने तो काढला, तिलाच त्याचा फारसा भरवसा नव्हता. एका इटालियन बाईंच्या आग्रहामुळे तो व्हेनिसला गेला आणि १९५१ मध्ये तिथलं सर्वोच्च पारितोषिक घेऊन आला. त्यानंतर जगाने काझुओ मियागावा या छायालेखकाचं नाव ऐकलं. जंगलातल्या दाट सावलीत आरशांनी सूर्यप्रकाश वळवून आणणारा, आणि पानांच्या फटींतून कॅमेरा थेट सूर्याकडे रोखणारा हा माणूस लहानपणी शाईची चित्रकला शिकलेला होता. केन्जी मिझोगुची तरुणपणी टोकियोत पाश्चात्त्य पद्धतीची चित्रकला शिकत होता, आणि अकिरा कुरोसावाला तर आधी चित्रकारच व्हायचं होतं. ओझूचं कौतुक आणखी उशिरा झालं. तो फार 'जपानी' आहे, बाहेर कुणाला कळणार नाही, या समजुतीने त्याचे चित्रपट बराच काळ देशाबाहेर फारसे पाठवलेच गेले नाहीत. 'टोकियो स्टोरी' १९५३ चा. न्यूयॉर्कच्या चित्रपटगृहात तो लागला १९७२ मध्ये. मधल्या काळात डोनाल्ड रिची यांच्यासारख्या अभ्यासकांनी एकेक चित्रपट, एकेक चौकट घेऊन लिहिलं. कॅमेरा किती उंचीवर आहे, भिंग कोणतं आहे, माणूस चौकटीत कुठून येतो आणि कुठून जातो, असे बारीक प्रश्न विचारले. जपानी कॅमेऱ्याची थोरवी त्या चित्रपटांत होतीच. ती दिसू लागली या लेखनामुळे.

अशा बारीक पाहण्याने काय हाती लागतं, याचं एकच उदाहरण घेतो. मिझोगुचीच्या 'उगेत्सु'मध्ये (१९५३) गेन्जुरो हा कुंभार बराच काळ भरकटून रात्री आपल्या घरी परततो. दार उघडून आत येतो, बायकोला हाका मारतो. घर ओसाड, चूल विझलेली. तो मागच्या दाराने बाहेर पडतो आणि घराला वळसा घालतो. कॅमेरा बाहेर जात नाही. घरातच राहून त्याच्या चालीबरोबर वळत जातो, भिंतीच्या उघडझापीतून तो मध्येच दिसतो, मध्येच दिसेनासा होतो. तो पुन्हा पुढच्या दाराशी येईपर्यंत कॅमेरा चुलीपाशी परत आलेला असतो, आणि आता चूल पेटलेली आहे, बायको स्वयंपाक करत बसली आहे. कुठेही काप नाही. ती जिवंत नाही हे आपल्याला नंतर कळतं, पण डोळ्यांना ते आधीच जाणवलेलं असतं, कारण रिकामं घर आणि भरलेलं घर एकाच अखंड नजरेत येऊन गेलं आहे. इथे मियागावाचा कॅमेरा हलतो. ओझूचा हलत नाही. दोघांचंही कौतुक होतं, कारण हलणं आणि न हलणं या दोन्हींमागे विचार आहे, हे पटवून देता येतं.

ओझूच्या बाबतीत ते पटवण्याचा सर्वांत सरळ पुरावा कालक्रमाचा आहे. १९३२ च्या 'उमारेते वा मिता केरेदो' या त्याच्या मूकपटात कॅमेरा चांगलाच सरकतो. शाळेतली मुलं आणि कचेरीतली माणसं एकाच सरकत्या नजरेच्या ओळीत मांडून दोघांची शिस्त सारखीच कशी आहे, हे तो दाखवतो. म्हणजे कॅमेरा हलवायचा कसा हे त्याला पक्कं माहीत होतं. पुढे हे हलणं त्याने कमी कमी करत नेलं, आणि १९५८ नंतरच्या रंगीत चित्रपटांत ते जवळजवळ संपलंच. जे येत असूनही माणूस करत नाही, त्याला उणीव म्हणता येत नाही. हा युक्तिवाद साधा आहे आणि भक्कमही. आता तोच आपल्याकडे लावून पाहू.

मराठी चित्रपटाचा कॅमेरा पहिल्यापासून चित्रकारांच्या हातात होता. दादासाहेब फाळके मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकले आणि मग बडोद्याच्या कलाभवनात. छायाचित्रणाचा पाया त्यांनी तिथे घातला. पुढे गोध्र्याला छायाचित्रणाचा व्यवसाय केला, लोणावळ्याला रविवर्म्याच्या छापखान्याशी संबंध आला. १९१२ मध्ये लंडनहून विल्यमसन कॅमेरा आणल्यावर आधी त्यांनी वाटाण्याचं रोप वाढताना टिपलं, आणि १९१३ मध्ये 'राजा हरिश्चंद्र' दाखवला, ज्याचा कॅमेरा त्र्यंबक तेलंग यांनी चालवला. फाळक्यांच्या 'कालियामर्दन'ची (१९१९) सुरुवात आजही पाहता येते. त्यांची मुलगी मंदाकिनी समोर बसून थेट आपल्याकडे पाहते. हसते, रुसते, भुवया उडवते, आणि मग तिच्याच चेहऱ्यातून बाळकृष्ण प्रकट होतो. प्रेक्षकाला आधी मुलगी दाखवायची आणि मग देव दाखवायचा, दोघांचीही नजर आपल्यावरच ठेवायची, ही योजना अजाणतेपणी होत नाही. रविवर्म्याच्या छापील चित्रातला देव घराघरांत असाच समोर पाहत होता, आणि ती चित्रं ज्या छापखान्यातून निघाली तिथे फाळके काम करून आलेले होते.

कोल्हापूरची गोष्ट याहून दाट आहे. आबालाल रहिमान यांनी ज्या गावात कोटितीर्थाच्या काठी जलरंगांत प्रकाशाचा अभ्यास केला, त्या गावात चित्रकार होणं ही प्रतिष्ठेची गोष्ट होती. मिस्त्री घराण्यातले आनंदराव आणि बाबूराव हे चुलतभाऊ नाटक कंपन्यांचे पडदे रंगवत, आणि त्यावरूनच 'पेंटर' हे नाव त्यांना चिकटलं. चित्रपटाचं वेड लागल्यावर कॅमेरा विकत घेण्याइतका पैसा नव्हता, तेव्हा तो स्वतः बनवायचा असं ठरलं. आनंदराव १९१६ मध्ये गेले. बाबूरावांनी पुढे प्रभातच्या संस्थापकांपैकी एक झालेल्या दामल्यांच्या मदतीने काम पुढे नेलं आणि १९१८ च्या सुमारास हाताने चालवायचा कॅमेरा तयार झाला. तानीबाई कागलकरांनी दिलेल्या कर्जावर महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली, १९२० मध्ये 'सैरंध्री' पुण्यात लागला आणि टिळकांनी बाबूरावांना 'सिनेमा केसरी' ही पदवी दिली. ही हकिगत मराठी माणसाला पाठ आहे. कोल्हापुरात कॅमेऱ्याचा स्तंभही उभा आहे. कॅमेरा कसा बनवला हे आपण अभिमानाने सांगतो, पण त्यातून काय आणि कसं पाहिलं गेलं, याकडे वळायच्या आतच गोष्ट संपवतो.

पाहिलं गेलं ते लक्षात घेण्याजोगं आहे. आयुष्यभर पडदे रंगवलेल्या माणसाने चित्रपटात रंगवलेले पडदे टाकून दिले आणि घनाकृती, खरोखरचे सेट उभारले, कारण सपाट पडद्यावर पडलेली सावली कॅमेऱ्याला फसवत नाही हे त्यांना चित्रकार म्हणून कळत होतं. दृश्य चित्रित करण्याआधी ते त्याची रेखाटनं करत. १९२३ च्या 'सिंहगड'मध्ये रात्रीच्या प्रसंगांसाठी कृत्रिम प्रकाश वापरला गेला, आणि ज्या काळात सगळा धंदा सूर्यावर चालत होता, त्या काळात ही मोठी उडी होती. १९२५ च्या 'सावकारी पाश'मध्ये नारायण हरी आपट्यांच्या कथेवरून कर्जात बुडालेल्या शेतकऱ्याची कहाणी सांगितली. तरुण शेतकऱ्याच्या भूमिकेत शांताराम होते. हा चित्रपट आज नाही. पण निर्माते जे. बी. एच. वाडिया यांनी कैक वर्षांनी त्यातलं एक दृश्य आठवून लिहिलं आहे: अंधुक प्रकाशात दुरून टिपलेली एक उदास झोपडी, आणि कुत्र्याचं रडणं. चित्रपट मूक होता. कुत्र्याचा आवाज वाडियांच्या कानात राहिला तो केवळ प्रकाशामुळे आणि अंतरामुळे. कॅमेऱ्याच्या ताकदीची याहून मोठी साक्ष मला माहीत नाही, आणि ती एका चित्रपट व्यावसायिकाने दिलेली आहे, भाविकाने नव्हे.

याच कंपनीतून शिकून बाहेर पडलेल्या दामले, साहेबमामा फत्तेलाल, शांताराम आणि केशवराव धायबर यांनी सीतारामपंत कुलकर्ण्यांसह १ जून १९२९ रोजी कोल्हापुरात प्रभात फिल्म कंपनी काढली. १९३३ मध्ये ती पुण्याला आली. पुण्यातल्या पहिल्या वर्षांतल्या 'अमृतमंथन'चा (१९३४) कॅमेरा धायबरांचा. त्यातला राजगुरूचा डोळा पाहिलेला माणूस तो विसरत नाही. टेलिफोटो भिंगातून चंद्रमोहनचा तो टपोरा डोळा अख्खा पडदा व्यापतो. भोवती बळीची आणि बंडाची भाषा, काळ्याकुट्ट सावल्या, मशालींचा उजेड. त्या काळच्या जर्मन चित्रपटांचा अभ्यास इथे दिसतो, पण तो आपलासा करून घेतलेला आहे. एक बारीक गोष्ट सांगायला हवी. टेलिफोटो भिंग दूरच्या वस्तू जवळ आणतं, पण खोली चपटी करतं. माणूस आणि त्याच्यामागचा अंधार एकाच प्रतलावर येतात. धायबरांनी हा दोष हत्यारासारखा वापरला: राजगुरूच्या डोळ्यामागे जग उरतच नाही. भिंगाच्या स्वभावाचा असा उपयोग करणाऱ्या कारखान्याला, दोनच वर्षांनी, कॅमेरा कुठे ठेवावा हे कळत नव्हतं असं मानायला मी तयार नाही.

आता १९३६ या एका वर्षाकडे पाहू. माझ्या म्हणण्याचा कणा इथे आहे. या वर्षी प्रभातने शांतारामांचा 'अमरज्योती' काढला: समुद्र, जहाजं, चाचे, सूड घेणारी सौदामिनी झालेल्या दुर्गाबाई खोटे. भव्य सेट, टोकाचे छायाप्रकाश, हालचालीने भरलेली चौकट. त्याच वर्षाच्या डिसेंबरात दामले-फत्तेलालांचा 'संत तुकाराम' मुंबईच्या सेंट्रल सिनेमात लागला आणि ५७ आठवडे चालला. दोन्ही चित्रपटांचे छायालेखक एकच, व्ही. अवधूत. तोच माणूस, तोच स्टुडिओ, तेच वर्ष, आणि दोन पूर्णपणे वेगळ्या नजरा. पुढच्याच वर्षी 'कुंकू'चा कॅमेराही अवधूतांनीच केला, जिथे पार्श्वसंगीत वर्ज्य करून घरातल्या वस्तू आणि सावल्यांवरच सारा ताण पेलायचा होता. ओझूला स्वतःच्याच दोन काळांतला फरक पुरावा म्हणून लावता येतो. अवधूतांच्या बाबतीत तो फरक एकाच वर्षात, दोन चित्रपटांत शेजारी शेजारी ठेवलेला आहे. 'संत तुकाराम'चा कॅमेरा शांत आहे कारण तो तसा ठेवला गेला.

आणि का ठेवला गेला, हे चित्रपट सुरुवातीलाच दाखवून देतो. तुकाराम बसून गातात. शरीर जवळजवळ स्थिर, चेहऱ्यावर आतल्या आत उमटणारा भाव, कॅमेरा समोर. मग तोच अभंग देवळात खलनायक सालोमालो गातो. हातवारे, ताना, नाटकी ऐट, ऐकणाऱ्यांकडे टाकलेले कटाक्ष. आता कॅमेऱ्याने काय करायचं? तुकारामांभोवती फिरून त्यांची थोरवी ठसवता आली असती. आजचा दिग्दर्शक बहुधा तेच करेल. अवधूतांचा कॅमेरा दोघांनाही जवळपास सारख्याच साधेपणाने पाहतो, आणि त्यामुळे खरं गाणं आणि उसनं गाणं यांतला फरक कॅमेऱ्याने सांगितल्यावाचून आपल्याला कळतो. कॅमेऱ्याने बाजू घेतली असती, तर सालोमालोचा दंभ आपण ओळखला नसता. तो आपल्याला दाखवला गेला असता. चित्रपटभर हीच शिस्त आहे. जिजाईची म्हैस, चूल, रडणारं पोर, रिकामी मडकी ज्या चौकटीत येतात, त्याच चौकटीत चमत्कारही येतो. आजारी मुलासाठी संतापलेली जिजाई वहाण हातात घेऊन देवळात जाते, तेव्हा कॅमेरा थरारत नाही, तिरपा होत नाही. देवाशी भांडणं हीही संसारातलीच गोष्ट आहे, एवढं तो शांतपणे मान्य करतो. म्हणूनच शेवटी गरुडाचं विमान येतं तेव्हा ते आपल्याला परकं वाटत नाही. कलासमीक्षक गीता कपूर यांनी या चित्रपटातल्या सन्मुखतेवर महत्त्वाचं लेखन केलं आहे, आणि मूर्तीसमोर उभं राहण्याच्या आपल्या रीतीशी तिचा संबंध जोडला आहे. मला त्यात एवढीच भर घालायची आहे की ही सन्मुखता कल्पनेच्या पातळीवर राहिली नाही. छायालेखक आणि कलादिग्दर्शक यांनी ती चौकटीगणिक, प्रकाशाच्या दर दिव्यानिशी राखली.

यावर काही हरकती येतील. पहिली यंत्राची. बोलपटाच्या सुरुवातीच्या वर्षांत आवाजाच्या यंत्रणेमुळे कॅमेरा अवजड झाला होता, त्यामुळे तो जागेवर बसला, त्यात कला कुठली? ही हरकत अर्धी खरी आहे. १९३२ च्या सुमारासच्या बोलपटांना ती बरीच लागू पडते, आणि तिथे मी वाद घालणार नाही. पण १९३६ पर्यंत प्रभातने ही अडचण बऱ्याच अंशी मागे टाकली होती. 'अमरज्योती'च याची साक्ष आहे. दुसरी हरकत अधिक जड आहे: दोन चित्रपटांचे दिग्दर्शक वेगळे होते, तेव्हा फरकाचं श्रेय दिग्दर्शकांना द्या, कॅमेऱ्याला कशाला? श्रेय वाटून घ्यावं लागेल हे मान्य. पण त्यामुळे माझं म्हणणं दुबळं होत नाही. दामले आणि फत्तेलाल हे स्वतः बाबूरावांच्या हाताखाली तयार झालेले चित्रकार होते, आणि त्यांनी स्थिर चौकट मागितली ती चित्रकाराच्या समजुतीने. मिझोगुची आणि मियागावा, ओझू आणि युहारु आत्सुता या जोड्यांविषयी बोलताना आपण कुणाचा वाटा किती हे तोलून बघत नाही. जोडीने काय साधलं ते पाहतो. हा न्याय इथेही लावावा.

तिसरी हरकत नाटकाची. पगनीस संगीत नाटकातून आलेले, पडद्यांची परंपरा नाटकाची, तेव्हा समोरचा कॅमेरा म्हणजे पहिल्या रांगेतला प्रेक्षक. हे ऐकायला पटण्याजोगं आहे, पण चित्रपट उघडून पाहिला की टिकत नाही. नाटकाच्या प्रेक्षकाला जागा एकच असते. अवधूतांचा कॅमेरा जागा बदलतो, जवळ जातो, दूर होतो, घरात आणि नदीकाठी वेगवेगळ्या अंतरावर बसतो. फक्त प्रत्येक जागी बसल्यावर तो चुळबुळत नाही. शिवाय नाटकी अदा हा तर या चित्रपटात सालोमालोचा दुर्गुण आहे. ज्या चित्रपटाने नाटकीपणाला खलनायकाच्या अंगात घातलं, त्याच्याच कॅमेऱ्यावर नाटकीपणाचा शिक्का मारणं अन्यायाचं आहे.

चौथी हरकत मला सर्वांत महत्त्वाची वाटते. आपल्या कलाकृतीचं मोल ठरवायला जपानी दाखला हवाच कशाला? ही कुणा परक्याच्या प्रमाणपत्राची ओढ नाही का? 'संत तुकाराम'ला तर १९३७ मध्येच व्हेनिसमध्ये गौरव मिळाला होता, 'राशोमोन'च्या चौदा वर्षं आधी. प्रमाणपत्र हवं असतं तर ते घरात आहे. मला जपानकडून हवी आहे ती पाहण्याची पद्धत. आणि ती लावून पाहिल्यावर दोन्हींतला भेदही स्पष्ट होतो, जो मी झाकणार नाही. ओझूची माणसं समोर पाहतात तेव्हा ती समोरच्या दुसऱ्या माणसाशी बोलत असतात. आपण त्या माणसाच्या जागी बसतो. प्रभातच्या चौकटीत माणूस समोर पाहतो तेव्हा मध्ये दुसरं पात्र असायलाच हवं असं नाही. तो देवाला किंवा लोकांना सामोरा असतो, आणि आपण त्या लोकांत मिसळतो. ओझूची स्थिरता एकाकी पाडते, दामले-फत्तेलालांची जमवते. दोन्ही शांत आहेत, पण शांततेचं काम वेगळं आहे, आणि हा भेद दिसण्यासाठी दोघांना शेजारी ठेवणं भाग आहे.

हे सगळं पुण्याच्या अभ्यासकांपुरतं आहे असंही कुणी म्हणेल. मला उलट वाटतं. सुरतेच्या नवागाम-डिंडोली भागात जळगाव, धुळे, नंदुरबारकडून पोटापाण्यासाठी आलेली हजारो मराठी कुटुंबं आहेत. त्यांतल्या कितीतरी घरांना मुक्ताईनगरहून पंढरीला जाणारी पालखी, कीर्तनात बुवांसमोर बसणं, देवळात गर्दीतून मान उंचावून मूर्तीचं मुख पाहणं हे शिकवावं लागत नाही. 'संत तुकाराम' आज मोबाइलवरही सहज पाहता येतो. या प्रेक्षकाकडे जी तयारी आहे, ती रसग्रहणाच्या वर्गातल्या मुलाला महिनाभर वाचून मिळवावी लागते, जसं चटईवर बसून जेवणाऱ्या जपानी माणसाला ओझूची उंची कुणी समजावून सांगावी लागली नाही. लागतं ते एवढंच की गाणं संपल्यावर रीळ मागे घेऊन तेच दृश्य आवाज बंद करून पुन्हा पाहावं आणि विचारावं, कॅमेरा कुठे आहे? तुकाराम चौकटीच्या मधोमध आहेत की कडेला? जिजाई आत येते तेव्हा कुणाला जागा द्यावी लागते?

मात्र काय पाहता येतं आणि काय नाही, याची मर्यादा इथे सांगितली पाहिजे. फिरत्या, झिजलेल्या प्रतींत चौकटीची रचना उरते, शॉटची लांबी उरते, कॅमेऱ्याची जागा उरते. करड्या रंगाच्या मधल्या छटा उरत नाहीत. अवधूतांनी जिजाईच्या चेहऱ्यावर आणि तिच्यामागच्या मातीच्या भिंतीवर किती वेगळा प्रकाश टाकला होता, हे आज मोबाइलवर किंवा जुन्या प्रतीवरून ठरवता येत नाही, आणि जो ठरवतो तो अंदाज बांधतो. मियागावाचं नशीब इथे वेगळं ठरलं. त्याच्या चित्रपटांच्या प्रती निगुतीने दुरुस्त झाल्या, आणि २०१८ मध्ये न्यूयॉर्कमध्ये आधुनिक कला संग्रहालय आणि जपान सोसायटी यांनी केवळ त्याच्या छायालेखनाचा महोत्सव भरवला. एका कॅमेरामनच्या नावाने महोत्सव! अवधूतांचं नाव आपल्याकडे श्रेयनामावलीत येतं आणि तिथेच राहतं. धायबरांचं तेवढं संस्थापकांपैकी एक म्हणून अधूनमधून घेतलं जातं.

या विस्मरणाची कारणंही इतिहासातच आहेत. जपानी स्टुडिओंमध्ये मदतनीस, मग दुय्यम छायालेखक, मग छायालेखक अशी शिडी युद्धानंतरही टिकून राहिली, आणि एका पिढीची नजर पुढच्या पिढीत गेली. प्रभातचं तसं झालं नाही. शांताराम १९४२ मध्ये बाहेर पडले, दामले १९४५ मध्ये गेले, आणि १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला कंपनी थांबली. तिच्या जागेवर १९६० मध्ये फिल्म इन्स्टिट्यूट उभी राहिली, शेजारी १९६४ मध्ये राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आलं. पी. के. नायर यांनी तिथे फाळक्यांची उरलीसुरली रिळं जिवापाड जपली, आणि सतीश बहादुरांनी चित्रपट कसा पाहावा हे शिकवायला सुरुवात केली. म्हणजे ज्या आवारात अवधूतांनी कॅमेरा लावला, त्याच आवारात पुढे ओझू आणि मिझोगुची चौकटीगणिक शिकवले गेले. बाबूरावांच्या मूकपटांपैकी बहुतेक नष्ट झाले आहेत. ८ जानेवारी २००३ रोजी संग्रहालयाच्या नायट्रेट फिल्मच्या कोठाराला आग लागली आणि जुन्या ठेव्यातला मोठा भाग त्यात गेला, प्रभातची मूळ रिळंही. जे उरलं आहे त्याचं पुनरुज्जीवन करताना आवाज आणि अभंग स्वच्छ करण्याकडे साहजिकच पहिलं लक्ष जाईल. माझी मागणी प्रकाशाची आहे. 'अमरज्योती' आणि 'संत तुकाराम' यांच्या उपलब्ध प्रतींतल्या सर्वांत चांगल्या प्रती निवडून दोन्हींची दुरुस्ती एकत्र व्हावी, एकाच छायालेखकाचं काम म्हणून, आणि दोन्ही एकाच दिवशी, एकामागोमाग दाखवले जावेत, कार्यक्रमपत्रिकेत अवधूतांचं नाव दिग्दर्शकांच्या शेजारी छापून.